बुजवलेली जाळी

माझ्या आत्याला जगात एकच गोष्ट सहन होत नाही, ती म्हणजे फट. दाराची, खिडकीची, शिवणीची, कसलीही. दोन पडद्यांच्या मधून बोटभर उजेड दिसला तरी ती उठते आणि पडदे ओढून जुळवते. समोरच्याच्या कोटाची शिवण काखेत उसवलेली दिसली की तो काय बोलतोय ह्याकडे तिचं लक्षच लागत नाही. एकदा बँकेतल्या कारकुनाला तिने काउंटरच्या अलीकडून सांगितलं, "कोट काढा, दोन टाके घालून देते." मी शरमेने अर्धी झाले. त्याने मात्र निमूटपणे कोट काढून दिला.

हाच स्वभाव गेल्या हिवाळ्यात तिच्या जिवावर बेतला. ते सगळं मी सांगणार आहे, पण शांतपणे सांगेन अशी अपेक्षा ठेवू नका. हा विषय निघाला की माझा आवाज आपोआप चढतो. नवरा म्हणतो, "अगं, झालं ते झालं, किती वेळा उगाळशील?" त्याला काय जातंय म्हणायला! दार मी ठोठावत होते, त्याने नव्हतं ठोठावलं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न झालं, पण संसार फार दिवस टिकला नाही. नवरा आजारपणात गेला आणि ती एक ट्रंक घेऊन भावाकडे परत आली, ती कायमची. मी तेव्हा रांगत होते. आई नोकरीला जायची, त्यामुळे मला न्हाऊ घालण्यापासून माझ्या वेण्या घालण्यापर्यंत सगळं आत्यानेच केलं. माझी आई वाईट नव्हती हो. आत्याला तिने कधी वाकडा शब्द ऐकवला नाही. पण घर आईचं होतं. आत्या बाहेरच्या खोलीत घडीच्या खाटेवर झोपायची. सगळे उठायच्या आधी खाट मिटून कोपऱ्यात उभी, अंथरूण ट्रंकेवर, आणि खोली अशी आवरलेली की इथे कुणी झोपलं होतं ह्याचा मागमूस राहू नये. त्या खोलीला दार नव्हतं, नुसती चौकट. स्वयंपाकघरातलं काही हवं असलं की ती उंबऱ्याशी उभी राहून विचारायची, "वहिनी, थोडं गरम पाणी घेऊ का?" गरम पाणी! ज्या घरातल्या प्रत्येकाच्या अंगावर तिने शिवलेले कपडे, त्या घरात ही बाई गरम पाणी विचारून घ्यायची. लहानपणी मला वाटायचं, मोठी माणसं अशीच बोलत असतील.

मी शाळेत जायला लागले तशी ती कामाला लागली. गावाबाहेर कॅम्पर गाड्या बनवायचा एक कारखाना होता. कॅम्पर म्हणजे चाकांवरची खोली. आत पलंग, ओटा, बेसिन, कपाट, सगळं हात लांब केला की मिळेल असं. आम्ही त्यांना घरगाड्याच म्हणायचो. आत्या तिथे गाद्यांचे अभ्रे, सीटची कव्हरं आणि पडदे शिवायची. तोंडात कायम टाचण्या आणि बोलणंही तसंच, म्हणून कारखान्यात तिचं नाव पडलं टाचणीबाई. मालकाला सगळे मिस्त्री म्हणत, कारण तो मालक असूनही दिवसभर पान्हा घेऊन कुठल्या ना कुठल्या गाडीखाली पडलेला असायचा. तो म्हणायचा, "टाचणीबाईंनी शिवलेल्या कव्हरात मुंगीसुद्धा शिरायची नाही." आत्या टाचण्या न काढता हसायची. ते बघून आपल्यालाच घशाशी टोचल्यासारखं व्हायचं.

ती निवृत्त झाली तेव्हा मिस्त्री तिला भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ देणार होता. ही म्हणाली, "घड्याळ नको. ती मागची गाडी द्या." मागची गाडी म्हणजे कारखान्याच्या मागे कुंपणाला टेकून वर्षानुवर्षं उभी असलेली एक जुनी कॅम्पर. इंजिन कधीच गेलेलं, पत्र्याला पोपडे आलेले, आत मांजरांचा मुक्काम. मिस्त्री हसला. मग त्याच्या लक्षात आलं की टाचणीबाई हसत नाहीये, तेव्हा तो गप्पकन थांबला आणि म्हणाला, "घ्या."

तोवर आई-वडील दोघंही गेले होते, जुनं घर विकलं गेलं होतं, आणि आत्या आता माझ्याकडेच येणार हे मी धरून चालले होते. खोली रंगवून ठेवली होती मी तिच्यासाठी! दार असलेली खोली! आणि ही मला म्हणते, "तुझ्या मागच्या अंगणात जागा आहे ना? तिथे लावू दे मला गाडी." माझ्या डोक्यात तिडीकच गेली. म्हटलं, "लोक काय म्हणतील? सख्ख्या आत्याला अंगणात ठेवली म्हणतील!" तर म्हणते, "लोकांना सांग, आत्याने भाचीला घरात ठेवलंय, स्वतः मागे राहते." मी हात टेकले. गाडी दोरखंडाने ओढून आणली आणि आमच्या अंगणात सफरचंदाच्या झाडाशेजारी उभी केली.

तिने सगळ्यात आधी काय केलं असेल, तर दाराला नवीन कुलूप बसवून घेतलं. आतून कडीने लावता येईल आणि बाहेरून किल्लीने उघडेल असं. एक किल्ली दोरीत ओवून गळ्यात घातली, दुसरी बटणांच्या डब्यात टाकून दिली. मग मला समोर बसवून नियम सांगितला.

"यायच्या आधी टकटक करायची. मी 'ये' म्हटलं की मगच आत यायचं."

"मी? मी टकटक करू?"

"तूसुद्धा."

मला ते फार लागलं. जिच्या मांडीवर मी लहानाची मोठी झाले तिच्या दारावर पाहुण्यासारखी टकटक! संध्याकाळभर मी भांडी आपटत होते. शेवटी नवरा म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा दार मिळालंय त्यांना. वाजू दे की थोडे दिवस." नवऱ्याचं बरोबर असलं की मला आणखीनच राग येतो.

पण गाडी तिने काय सजवली होती! खिडकीखाली शिवणयंत्र, शेजारी दोऱ्यांचे खण, त्यात रीळं रंगांप्रमाणे लावलेली. पलंगावर तुकड्यांची रजई. ओट्यावर एक किटली, एक पातेलं, दोन कप. दुसरा कप कोणासाठी म्हणून विचारलं तर म्हणाली, "टकटक करणाऱ्यासाठी." गल्लीतली बरीच जणं तिच्याकडे कपडे दुरुस्तीला आणायची. जाता येता मशीनचा आवाज ऐकू यायचा आणि मधूनच ती गुणगुणतही असायची. माझ्या आईच्या घरी मी तिला कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

उन्हाळा सरला, पानं गळाली आणि थंडीचा प्रश्न आला. घरातून ओढलेल्या वायरवर तिचा दिवा आणि मशीन एवढंच चालायचं. विजेचा हीटर लावून पाहिला तर आमच्या घरचा फ्यूज उडाला. गाडीत जुना गॅसचा हीटर होता, समोर उघडा जाळ दिसतो तसला. मिस्त्री येऊन तो साफ करून चालू करून गेला. जाताना त्याने दोन जागा बोटाने दाखवल्या. ओट्याच्या खाली पत्र्यात एक जाळी आणि छतात एक झरोका. म्हणाला, "टाचणीबाई, हा जाळ आतलीच हवा खातो. ह्या दोन्ही उघड्या राहिल्या पाहिजेत. कितीही गारठा असला तरी." आत्याने मान हलवली. माझ्या नवऱ्याने विषारी वायूचा अलार्म आणून पलंगाजवळ चिकटवला. आम्हाला वाटलं, झालं, मिटली काळजी.

आता ऐका. मशीनवर बसलं की ती जाळी बरोबर तिच्या पायाशी यायची. बाहेर पाणी गोठायला लागलं आणि त्या जाळीतून येणारा वारा सुरीसारखा घोट्यांना लागायला लागला. आत्याने दोन दिवस मोजे चढवून पाहिले. पण वाऱ्यापेक्षा तिला जास्त छळत होती ती जागाच. तिच्या स्वतःच्या घरात, तिच्या नजरेसमोर, उघडी फट! मग तिने उरलेल्या कापडांतून तीन पदरी, आत कापूस भरलेलं झाकण शिवलं, कडेला इलॅस्टिक घातलं आणि जाळीवर बसवलं. मग झरोक्याला तसलंच गोल झाकण. मग दाराच्या चौकटीला चारी बाजूंनी लोकरीची पट्टी. मग खिडक्यांना रजईसारखे जाड पडदे, बटणं लावून घट्ट बसणारे. आठवडाभर ती दुसरं काही शिवत नव्हती. अलार्मची बॅटरी संपत आली आणि तो अधूनमधून चिकचिक करायला लागला, तर त्याचं नाव ठेवलं किरकिऱ्या, त्याला एक गुबगुबीत पिशवी शिवली आणि पिशवीत घालून दोऱ्यांच्या खणात झोपवून दिलं.

आणि आम्ही काय केलं? आम्ही कौतुक केलं! एवढंही सांगते, लपवायचं काय त्यात. शेजारीण मुद्दाम बघायला आली आणि तोंडात बोट घालून उभी राहिली. नवरा म्हणाला, "काय फिटिंग आहे आत्या, कंपनीचं वाटतं." मला तर इतकं बरं वाटलं की म्हातारीला आता वारा लागणार नाही.

पण गाडीला घाम यायला लागला. खिडकीच्या काचांवरून पाणी ओघळायचं, पत्र्यावर थेंब धरायचे, गादीची भिंतीकडची बाजू ओली लागायची. आत्या सकाळ-संध्याकाळ फडक्याने पुसून काढायची आणि म्हणायची, "कुठून तरी गारठा शिरतोय अजून." की मग आणखी एक फट शोधून बुजवायची. जितकं बुजवावं तितकी ओल वाढत होती. सुयांच्या पाकिटात सुया गंजल्या. तिचं डोकंही दुखायला लागलं होतं. म्हणायची, चष्म्याचा नंबर वाढला असेल. आमच्याकडे जेवायला आली की तासाभरात दुखणं थांबायचं. म्हणायची, "तुझ्याकडे आले की कसं मोकळं वाटतं बघ." आणि मी खूश! मला वाटायचं, माझ्या मायेने बरं वाटतंय तिला. माया कसली डोंबलाची, आमच्या घरात हवा होती!

मी बेकरीत काउंटरवर बसते. त्या दिवशी रात्रभर बर्फ पडला होता म्हणून गिऱ्हाईक कमी होतं, मी दुपारीच सुटले. तिच्यासाठी गरम पाव घेतला आणि घरात न जाता तशीच मागे गेले. आतून मशीनचा आवाज येत होता. टकटक केली. 'ये' आलं नाही. परत टकटक केली. मशीन चालूच. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आवाज काहीतरी चुकीचा आहे. आत्याचं मशीन असं सलग चालतच नाही. ती थोडं शिवते, थांबते, कापड वळवते, परत शिवते. माझ्या कानांत तो ताल लहानपणापासून बसलेला आहे. हे मशीन नुसतं धावत होतं.

"आत्या! अगं आत्या, दार उघड!"

मशीन थांबलं. आतून हसण्याचा आवाज आला. मग कडी चाचपडल्याचा. धातूवर नखं घासल्यासारखी खरखर, मग काहीच नाही, मग परत खरखर. स्वतः उभं राहून बसवून घेतलेली कडी, आणि तिला ती सापडत नव्हती. खिडकीतून बघावं तर काचेवर नुसती वाफ आणि तिच्यामागे तिचे ते घट्ट पडदे. मी दोन्ही मुठींनी दार बडवत होते. पाव कधी बर्फात पडला कळलंही नाही. दुसरी किल्ली बटणांच्या डब्यात, डबा आत.

शेवटी कडी निघाली. आत्या दारात उभी. गाल लालबुंद, डोळे भलतीकडे. माझ्याकडे बघून छान हसली आणि म्हणाली, "कोण पाहिजे?"

तिच्या खांद्यावरून मला मशीन दिसलं. मशीनवरच्या कापडावर टीप आधी सरळ आली होती, मग हळूहळू तिरपी झाली, मग वेडीवाकडी जात काठावरून खाली उतरली होती आणि पुढे मशीनने नुसता हवेत दोरा गुंतवला होता. गॅसचं मला काही कळत नव्हतं, पण टीप कळत होती. माझ्या आत्याने जन्मात वाकडी टीप घातलेली नाही. मी तिच्या कमरेला मिठी मारली आणि तिला तशीच मोज्यांवर बाहेर बर्फात ओढली आणि ओरडले. असं ओरडले की पुढे बर्फ उपसत असलेला नवरा फावडं टाकून धावत आला. त्याने श्वास रोखून आत जाऊन सिलिंडर बंद केला आणि दार सताड उघडं टाकलं.

दवाखान्यात तिला मास्क लावून ऑक्सिजन दिला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, समजावून सांगत होत्या. जाळाला पुरेशी ताजी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, माणूस गोंधळतो, पेंगतो आणि मग उठत नाही. काचांवरचं पाणीही तेच सांगत होतं, कारण गॅस जळताना वाफ सोडतो आणि ती बाहेर जायला वाट नव्हती. "अजून थोडा वेळ गेला असता तर त्यांना कडी काढता आली नसती," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "गाडीला हवेची जाळी नव्हती का?"

"होती," मी म्हटलं. "बुजवली होती. फार सुंदर बुजवली होती." आणि मला तिथेच रडू फुटलं.

आत्या बरी झाली. तिला घरी आणलं ते थेट त्या रंगवलेल्या खोलीत. खणातला पिशवीतला अलार्म मला सापडला तेव्हा तर तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिच्या गळ्यातली किल्ली काढून घेतली आणि म्हटलं, "गाडी बंद. विषय संपला." मला वाटलं होतं, आता भांडेल, टोचून बोलेल, निदान तोंड तरी वाकडं करेल. तिने नुसतं गळ्याशी हात नेऊन दोरी नाहीये हे चाचपलं आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

मग मी काय बघते, तर सकाळी मी उठायच्या आत तिचा पलंग आवरलेला. चादर अशी ताणलेली की कुणी झोपलं होतं ह्याचा पत्ता लागू नये. कपाट रिकामं होतं, तिने त्यात काही ठेवलंच नव्हतं. सगळं ट्रंकेत, ट्रंक पलंगाखाली. खोलीचं दार ती लावत नव्हती. जेवायला बोलावलं की यायची, वाढलेलं खायची, स्वतःचं ताट घासून ठेवायची. मशीन इकडे आणून देऊ का विचारलं तर म्हणाली, "कशाला, तुम्हाला आवाजाचा त्रास." आम्हाला आवाजाचा त्रास!

आणि एका सकाळी मी ओट्याशी भाजी चिरत होते. मागे चाहूल लागली. वळून बघितलं तर आत्या उंबऱ्याशी, रिकामा कप दोन्ही हातांत धरून.

"थोडं गरम पाणी घेऊ का?"

माझ्या हातातून सुरी पडली. मी ओरडले तिच्यावर. "विचारतेस काय! मला काय विचारतेस!" ती इतकी दचकली की कप छातीशी धरला. मला आईचं स्वयंपाकघर दिसलं, तो उंबरा दिसला, तीच बाई, तोच आवाज. हीटरने ती एका दुपारी गेली असती. इथे ती माझ्या डोळ्यांदेखत रोज थोडी थोडी जात होती, आणि मी किल्ली फडताळात ठेवून तिला वाचवल्याच्या समाधानात होते. मी तिला पाणी तापवून दिलं आणि तिथूनच मिस्त्रीला फोन लावला.

मिस्त्री आला तो आधी बराच वेळ ती झाकणं हातात घेऊन उलटीपालटी करत राहिला. "एवढं चांगलं काम आणि कसल्या जागी!" म्हणाला. मग जुना हीटर काढून त्याने दुसरा बसवला. ह्याचा जाळ बंद डब्यात असतो. जळायला लागणारी हवा एका नळीने बाहेरून घेतो, धूर दुसऱ्या नळीने बाहेरच सोडतो, आत येतो तो फक्त गरम वारा. "पण," मिस्त्रीने बोट वर केलं, "जाळी आणि झरोका उघडेच. ओट्याचा गॅस आहे, माणसाचा श्वास आहे, वाफ आहे. उबेसाठी ओट्याचा गॅस पेटवायचा नाही, हीटरजवळ पडदा लोंबू द्यायचा नाही, आणि बाहेरच्या नळीच्या तोंडावर बर्फ साचला तर रोज काढायचा."

आत्या पलंगावर बसून ब्लेडने दाराची लोकरीची पट्टी उसवत होती. खाली बघूनच म्हणाली, "जन्मभर फटी बुजवायचंच काम केलं गं. एक उघडी ठेव म्हटलं तर हातांना कळतच नाही."

तीच तर माझी भीती होती! हीटर नवा येईल, अलार्म नवा येईल, हात कुठून आणायचे नवे? मी सरळ म्हटलं, "तू परत बुजवणार. आज नाही तर फेब्रुवारीत. मी किल्ली देणार नाही." मिस्त्री गडबडीने पान्हे गोळा करायला लागला. आत्याने ब्लेड बाजूला ठेवलं आणि बऱ्याच दिवसांनी माझ्याकडे तिच्या त्या जुन्या नजरेने बघितलं.

"मला दोन दिवस दे," म्हणाली. "दिवसाउजेडी, दार उघडं टाकून बसते. तू येऊन बघत जा."

दोन दिवस ती कोट आणि टोपी घालून उघड्या दारात शिवत बसली. तिसऱ्या दिवशी बोलावलं. ओट्याखालच्या भिंतीला तिने पूर्ण लांबीचं जाड, कापूस भरलेलं अस्तर लावलं होतं, आणि जाळीच्या जागी त्याला भोक ठेवलं होतं. बरोब्बर जाळीएवढं. भोकाच्या चारी कडा लाल दोऱ्याने काजाच्या टाक्याने बांधल्या होत्या, एकाला एक लागून, इतक्या दाट की कापड दिसत नव्हतं. छतातल्या झरोक्यालाही तशीच गोल लाल कड. आणि मशीनखाली पाय ठेवायला एक उबदार पेटी, आतून लोकर लावलेली, म्हणजे वारा आला तरी घोट्यांना लागू नये.

"कोटाला काज करतात," आत्या म्हणाली, "म्हणजे चांगल्या कापडाला मुद्दाम कापून भोक पाडतात. कड बांधली की ते फाटत नाही आणि मिटतही नाही. मी हजारो केली असतील. ही जाळी मी फट समजत होते, तिथेच चुकले. आता ती बुजवायची तर आधी माझे टाके उसवावे लागतील. आणि माझे टाके मी कुणाला उसवू देत नाही. मलासुद्धा."

मी वाकून त्या लाल चौकटीसमोर हात धरला. गार वारा आला. एवढा गार वारा मला आयुष्यात कधी गोड लागला नव्हता. पलंगाच्या डोक्याशी नवा अलार्म होता, उघडा, बिनपिशवीचा. मी फडताळातून आणलेली किल्ली तिच्या हातात ठेवली. तिने ती लगेच गळ्यात घातली आणि मान जराशी हलवून दोरी नीट बसवली.

मला अजून एक गोष्ट सांगायची होती, पण जीभ रेटेना. आतून कडी लावू नकोस. हेच सांगायचं होतं. ते दार, ती खरखर, ती सापडत नसलेली कडी माझ्या डोक्यातून जात नव्हती. पण तिला कडी लावू नकोस सांगणं म्हणजे तिला परत त्या चौकटीच्या खोलीत पाठवणं. आत्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, बटणांचा डबा उघडला, ढवळला आणि दुसरी किल्ली काढली. ती एका छोट्या पिशवीत घातली. पिशवीला झाकण होतं, झाकणाला काज, काजात बटण. म्हणजे तिने आधीच शिवून ठेवली होती.

"ही तुझ्याकडे," म्हणाली. "किरकिऱ्या वाजला, किंवा तुझ्या हाकेला मी ओ दिली नाही, तर वापरायची. एरवी?"

"टकटक," मी म्हटलं.

ती पिशवी आता आमच्या मागच्या दाराजवळ खिळ्याला लटकते. मी ती अजून उघडलेली नाही. सकाळी पाव घेऊन मागे जाते, काठीने नळीच्या तोंडावरचा बर्फ काढते आणि टकटक करते. बाई मला मुद्दाम ताटकळत ठेवते, मला माहीत आहे. पाय गारठतात, मी बाहेरून बडबडते, पण खरं सांगते, मला राग येत नाही. आतून मशीनचा आवाज येत असतो. थोडा चालतो, थांबतो, कापड वळतं, परत चालतो. मग आवाज येतो, "ये."

परवा माझा घसा बसला होता. आत जाऊन तिच्या पलंगावर टेकले. किटलीतून वाफ निघत होती. माझ्या तोंडून सहज गेलं, "आत्या, थोडं गरम पाणी घेऊ का?"

तिने मशीन थांबवलं. तोंडातल्या टाचण्या एकेक काढून टाचण्यांच्या छोट्या गादीत खोचल्या. मग दुसरा कप माझ्यापुढे सरकवला.

"घे ना," ती म्हणाली. "विचारायचं काय त्यात? आपलंच घर आहे."

मी कप घेतला आणि पाणी ओतून घेतलं.